पंधरा ग्रॅमच्या पुड्या

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या आईचा फोन आला. पुण्यात ॲडमिशन झाली, हॉस्टेलची खोलीही मिळाली म्हणाली. मग आवाज खाली आणून विचारलं, "हिच्या इन्सुलिनचं खोलीतल्या मुलींना सांगायचं का गं? उद्या स्थळं बघायची वेळ आली तर..." पुढचं तिने गिळलं. १९८४ साली माझ्या आईनेही हे वाक्य असंच अर्ध्यावर सोडलं होतं. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. म्हणून हे पत्र तिला नाही, तुला लिहितेय.

डायबेटिस कळल्यापासून, गेल्या चार महिन्यांत, शुगर वाढण्याची भीती तुला सगळ्यांनी घातली असेल. डोळे, किडनी, पाय. ते खरंच आहे, पण तो वर्षांचा हिशेब आहे. लो शुगर हा मिनिटांचा हिशेब. त्याबद्दल डिस्चार्जच्या दिवशी कुणीतरी घाईघाईने दोन वाक्यं सांगतं आणि कागद हातात देतं.

मेंदूला ग्लुकोज साठवून ठेवता येत नाही. शरीराच्या वजनात त्याचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण खर्च वीस टक्क्यांच्या आसपास, आणि तो सगळा रक्तातून येईल तसा भागवायचा. रक्तातली साखर उतरली की पहिली अडचण त्याचीच होते. आणि 'मला लो होतंय, काहीतरी गोड खाल्लं पाहिजे' हे ठरवायचं कुणी? त्याच मेंदूने. लो शुगरमधली खरी अडचण ही आहे. साखर कुठेही मिळते, ती घ्यायची हे त्या वेळी सुचत नाही.

१९९७ चा जुलै. आठवी ब, चौथा तास. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं आणि मुलाखतीत मी माझा डायबेटिस लपवला होता. फळ्यावर ५२९ चं वर्गमूळ काढत होते. पाचातून चार गेले, एक उरला, खाली एकोणतीस उतरवले, झाले १२९. त्रेचाळीस त्रिक एकशे एकोणतीस, संपलं गणित. पण मी १२९ लिहितच राहिले, एकाखाली एक, फळा संपेपर्यंत. खडू मोडला, तरी उरलेल्या तुकड्याने लिहीत होते. मुलं आधी हसली, मग एकदम गप्प झाली. मला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं, पण काही चुकतंय असं वाटतच नव्हतं. पहिल्या बाकावरची मुलगी पळत जाऊन शिपाईमामांना घेऊन आली. "बाई, जरा बसा," म्हणाले तर मी त्यांच्यावर खेकसले. त्यांनी चहा आणला, तो मी बशीसकट ढकलला. ग्लुकोजचा डबा माझ्या पर्समध्ये, दोन हातांवर होता. मला तो आठवला नाही, आणि बाकी कुणाला माहीत असायचा प्रश्नच नव्हता. शेजारच्या वर्गावरच्या बाईंच्या वडिलांना डायबेटिस होता. त्या आल्या, घामाने भिजलेला माझा ब्लाऊज पाहिला आणि रागावूनच मला साखरेचं पाणी प्यायला लावलं. दहा-बारा मिनिटांनी फळ्याकडे पाहिलं आणि ते आकडे कुणी लिहिले हे मला कळेना.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांना सांगितलं, स्टाफरूममध्ये सांगितलं, आठवी ब च्या मुलांनाही सांगितलं. त्या वर्गाने पुढे वर्षभर माझी जी राखण केली, ती मी विसरणार नाही.

आता कामाचं. ७० च्या खाली आकडा आला की लो समजायचं, बरं वाटत असलं तरी. ५४ च्या खाली म्हणजे हातातलं सगळं टाकून आधी साखर घ्यायची. सुरुवातीला शरीर ओरडून सांगतं: घाम, थरथर, छातीत धडधड, अचानक पेटलेली भूक, ओठांना मुंग्या. तिकडे लक्ष दिलं नाही की मग मेंदूची लक्षणं येतात: कारण नसताना चिडचिड, शब्द न सापडणं, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं, झोप झोप वाटणं, पिऊन आल्यासारखं बोलणं. प्रत्येकाची पहिली खूण निराळी असते. माझी म्हणजे वरच्या ओठावरचा घाम. तुझी तू शोध. पुढच्या दोन-तीन वेळा लो झालं की बरं वाटल्यावर लगेच वहीत लिही, सर्वांत आधी काय जाणवलं होतं. संध्याकाळपर्यंत थांबलीस तर आठवणार नाही.

शंका आली की मीटर लाव. मीटर जवळ नसेल तर वाट बघू नकोस, लो आहे असं धरून चाल. एखाद्या वेळी उगाच साखर खाल्ली तर काही बिघडत नाही. दंडावर सतत शुगर मोजणारा सेन्सर लावलास तरी हे लक्षात ठेव की तो रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. शुगर भराभर उतरत असेल तेव्हा सेन्सर ८० दाखवतो आणि बोटातलं रक्त ६०. अंगाला लो वाटतंय आणि सेन्सर नाही म्हणतोय, तर बोट टोच.

लो असेल तर १५ ग्रॅम साखर. घरचा लहान चमचा सपाट भरला तर त्यात साधारण ४ ग्रॅम मावते, म्हणजे चार चमचे, अर्धा पेला पाण्यात ढवळून. ग्लुकोज पावडर असेल तर उत्तमच, ती आतड्यात फुटायची वाट न बघता तशीच शोषली जाते. नाहीतर साधं कोल्ड्रिंक दीडशे मिली, पण बाटलीवर 'डाएट' किंवा 'झिरो' लिहिलेलं नाही ना, ते बघ. पेढा, बर्फी, चॉकलेट, बिस्किटं यांच्या नादी लागू नकोस. गोड लागतात, पण त्यातलं तूप आणि पीठ साखरेला पोटात अडवून धरतं. गुळाचा खडाही चघळत बसू नकोस. गूळच हाताशी असेल तर पाण्यात विरघळवून पी.

मग १५ मिनिटं थांबायचं आणि पुन्हा तपासायचं. अजून ७० च्या खाली असेल तर आणखी १५ ग्रॅम. ही पंधरा मिनिटं फार वाईट जातात. सगळं अंग 'खा, खा' म्हणत असतं. मी एका रात्री अख्खा श्रीखंडाचा डबा संपवला होता आणि पहाटे ३४० चा आकडा बघत बसले होते. म्हणून घड्याळ समोर ठेव. शुगर वर आली आणि जेवायला वेळ असेल, तर एखादी पोळी किंवा कपभर दूध घे, म्हणजे ती परत घसरणार नाही.

लो कशाने होतं हे तुला डॉक्टरांनी सांगितलंच असेल, तेव्हा जे कुणी सांगत नाही तेवढंच लिहिते. पहिलं म्हणजे लग्नाची पंगत. माझ्या मामेबहिणीच्या लग्नात मुहूर्त साडेबाराचा, म्हणून मी सव्वाबाराला इन्सुलिन घेतलं. पंगत बसली अडीचला. तेव्हापासून ताट समोर आल्याशिवाय मी सुई काढत नाही, हॉस्टेलच्या मेसमध्येही नाही. दुसरं, सिंहगड. पुण्यातल्या मैत्रिणी तुला पहिल्या दोन महिन्यांतच घेऊन जाणार. जरूर जा. पण त्या दिवशी मांडीत इन्सुलिन घेऊन लगेच चढायला लागू नकोस, चालत्या पायातून ते लवकर ओढलं जातं. आणि खरा धोका गडावर नसतो, त्या रात्री असतो. दमलेले स्नायू पुढे चोवीस तासांपर्यंत साखर ओढत राहतात. झोपण्यापूर्वी तपास, रात्रीचा डोस किती कमी करायचा ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेव. संकष्टीचं तुझ्या आजीला मी स्वतः सांगेन. चंद्र उगवेपर्यंत उपाशी राहणं तुझ्यासाठी नाही.

दारूबद्दल उपदेश करत नाही, माहिती देते. लिव्हर दारू निस्तरत असतं तेव्हा नवीन साखर बनवणं मागे पडतं, आणि लो येतं ते कधीकधी दुसऱ्या दिवशी सकाळी. वर तोंडाला वास असला की लोक 'चढलीय, झोपू दे' म्हणतात.

आणि सिरिंज! हे दोनदा वाच. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या ४० च्याही मिळतात आणि १०० च्याही. म्हणजे एका मिलीत ४० युनिट किंवा १०० युनिट. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. १०० च्या बाटलीतलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने घेतलंस तर दहाच्या जागी पंचवीस युनिट अंगात जातील. सध्या तू इन्सुलिनचा पेन वापरतेस, पण पेन बिघडला आणि रात्री कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून बाटली आणावी लागली, तर बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून बघ.

रात्रीच्या लोला शरीर नीट ओरडत नाही. भिजलेली उशी, भयंकर स्वप्नं, सकाळी जड डोकं, यातलं काही वारंवार झालं तर एक-दोन रात्री तीनचा गजर लावून तपास. आणि वरचेवर लो होऊ देत राहिलीस तर शरीर ओरडायचंच सोडतं. माझ्या बाबतीत २००५ च्या सुमारास तसं झालं. ४५ वर असताना मी हसत बोलत असायचे. डॉक्टरांनी डोस कमी करून काही आठवडे शुगर जरा वरच ठेवायला सांगितली, एकही लो होऊ द्यायचं नाही म्हणाले. हळूहळू तो ओठावरचा घाम परत आला. मला इतका आनंद परीक्षेच्या निकालाचाही झाला नव्हता.

तुझ्या आजोबांसाठी एक ओळ, घरी वाचून दाखव. त्यांच्या गोळीत शुगर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइडबरोबर व्होग्लिबोजही आहे. व्होग्लिबोज साध्या साखरेला आतड्यात लवकर फुटू देत नाही, म्हणून त्यांना लो झालं तर चहातली साखर नको, ग्लुकोज पावडरच हवी. आणि या गोळीचं लो एकदा सावरून पुन्हा येऊ शकतं, काही तासांनीसुद्धा. त्यांना लगेच डॉक्टरांकडे न्यायचं, 'आता बरे आहेत' म्हणून घरी ठेवायचं नाही.

आता राहिल्या तुझ्या खोलीतल्या मुली. स्थळांचं जेव्हा येईल तेव्हा येईल, आणि लपवून जुळलेल्या घरात ताट वेळेवर मिळण्याची वाट बघणं किती कठीण असतं, ते कधीतरी समोरासमोर सांगेन. आईशी मी बोलले आहे. पहिल्याच रात्री, सामान लावून झाल्यावर, त्यांना एवढंच सांग: मला डायबेटिस आहे, मी इन्सुलिन घेते. मी विचित्र वागले, घामाघूम झाले, उगाच भांडायला लागले, तर माझ्याशी वाद घालू नका, ही पुडी पाण्यात घालून मला पाजा. मी नको म्हणाले तरी. पण मी बेशुद्ध असेन, झटके येत असतील, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका, पाणी नाही, साखर नाही, काही नाही. ते श्वासनलिकेत जाईल. मला कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा आणि 'डायबेटिस आहे, इन्सुलिन घेते' हे पहिल्या वाक्यात सांगा. तुझ्या डॉक्टरांनी ग्लुकॅगॉन, म्हणजे रक्तातली साखर वर आणणारं औषध, लिहून दिलं तर ते कसं द्यायचं, हे निदान एकीला तरी करून दाखव.

१९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याच दिवसांत तिथे जेम्स कॉलिप हा शास्त्रज्ञ सशांवर इन्सुलिनची ताकद तपासत होता. डोस जास्त झाला की सशांना झटके यायचे, आणि ग्लुकोज दिलं की तेच ससे उठून बसायचे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ पान उलटलं नाही. औषध आणि त्याचा उतारा, दोन्ही माणसाला जवळजवळ एकदमच सापडले.

पत्रासोबत एक छोटा स्टीलचा डबा पाठवतेय. त्यात ग्लुकोजच्या दहा पुड्या आहेत, प्रत्येकी १५ ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून बांधल्या आहेत. दोन उशीखाली, दोन कॉलेजच्या सॅकमध्ये, एक स्कूटीच्या डिकीत, आणि शंभरच्या खाली असलीस तर आधी काही खाल्ल्याशिवाय स्कूटीला किल्ली लावू नकोस. उरलेल्या पाच खोलीतल्या मुलींच्या हातात दे, त्या कुठे ठेवतील ते त्यांना ठरवू दे. पावसाळ्यात पावडर दमट होऊन गोळा होते, महिन्याला एकदा बदल. संपल्या की कळव, मी बांधून ठेवते.

तुझी,
मावशी