बाँडवर पीएचडी करायला निघालास, तर आधी हे वाच

"दादा, एम.कॉम. झालं, सीताबर्डीला बँकेत २ वर्षं काढली. अमेरिकेत कॉर्पोरेट बाँडवर पीएचडी करून प्रोफेसर व्हायचंय. ४० लाखांचं कर्ज काढू का?" असं तू विचारलंस.

नको काढू बाप्पा. कर्ज लागतं मास्टर्सला. फायनान्सच्या पीएचडीला इथे अमेरिकेतल्या बहुतेक चांगल्या विद्यापीठांत फी माफ असते, वर स्टायपेंड मिळतो. ५-६ वर्षं जातात आणि जागा अगदी मोजक्या. लग्न ठरत असेल तर एक आधीच सांगून ठेव: विद्यार्थ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एफ-२ व्हिसावर बायकोला नोकरी करता येत नाही. मी हे घरी नीट सांगितलं नव्हतं. आमचा पहिला हिवाळा त्याच भांडणात गेला.

एम.कॉम.नं अडत नाही, गणितानं अडतं. मी धरमपेठेत बी.एस्सी.च्या पोरांसोबत बसून रिअल ॲनालिसिसची, म्हणजे सिद्धता मांडायच्या गणिताची, ट्यूशन केली. पोरं मला काका म्हणायची.

आता बाँड, म्हणजे कंपनीनं गुंतवणूकदारांकडून घेतलेल्या कर्जाचा कागद. शेअरचा भाव मोबाइलवर दिसतो. इथे बाँडचे सौदे मात्र बहुतेक डीलरमार्फत, म्हणजे बाँडची खरेदी-विक्री करणाऱ्या मोठ्या व्यापाऱ्यांमार्फत, शेअर बाजाराच्या बाहेर होतात. जुन्या अडत बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा ना, शेजारच्या ढिगाला काय मिळालं ते शेतकऱ्याला कळायचं नाही, तसंच. अमेरिकेत तो रुमाल जुलै २००२ मध्ये उचलला गेला. 'ट्रेस' नावाची यंत्रणा आली आणि डीलरांना प्रत्येक सौदा ७५ मिनिटांत नोंदवणं भाग पडलं. २००५ मध्ये ही मुदत १५ मिनिटांवर आली. भाव उघड झाल्यावर गिऱ्हाइकांचा खर्च घटला, असं पुढे बऱ्याच अभ्यासांत दिसलं. आमच्यासारख्या बाँडवर संशोधन करणाऱ्या कित्येकांचं पोट याच नोंदींवर चालतं.

नोंदी मात्र कच्च्या. माझ्या पहिल्या निकालात एक बाँड एका दिवसात दुप्पट झाला आणि दुसऱ्या दिवशी परत जागेवर. मला वाटलं, शोध लागला! गाईडनं एवढंच विचारलं, "रद्द झालेले सौदे काढलेस?" ९८ ऐवजी १९८ टाइप झालेला, नंतर रद्द केलेला सौदा होता तो. पुढचे २ महिने नुसती साफसफाई.

विषय तू नागपुरातूनच घेऊन ये. आपल्याकडे बहुतेक कंपन्या प्रायव्हेट प्लेसमेंटनं, म्हणजे जाहीर विक्री न करता निवडक गुंतवणूकदारांना, बाँड विकतात. अशा एका बाँडची किमान दर्शनी किंमत (कागदावर छापलेली रक्कम) बाजार नियामक सेबीनं १० लाखांवरून १ लाख आणि २०२४ मध्ये १०,००० वर आणली. म्हणजे तुझ्या काउंटरवरचे एफडीवाले काकाही आता हे घेऊ शकतात. त्यांना तोच बाँड म्युच्युअल फंडाला पडतो त्यापेक्षा किती महाग पडतो, हे मोजायला घेतलंस तर मुलाखतीत सांगण्यासारखं काहीतरी हाताशी राहील. २०१८ मध्ये ट्रिपल-ए, म्हणजे सगळ्यात सुरक्षित, रेटिंगची आयएल अँड एफएस ही वित्त कंपनी कशी कोसळली तेही वाचून ठेव.

नोकरीचा विचार पाचव्या वर्षी कर. परतायचंच झालं तर आपल्या नागपुरातच मिहानला आयआयएम आहे.

अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत बंद होतात, तेव्हा जीआरई ही प्रवेशपरीक्षा पावसाळ्यातच उरकून टाक. आणि शिफारसपत्र गणित शिकवलेल्या सरांचं घे, बँक मॅनेजरचं नको.