दोन फुटी टँकमध्ये गोल्डफिश, एंजल, गप्पी, निऑन आणि फायटर एकत्र राहतील का?

तुमची यादी अशी आहे: दोन गोल्डफिश, दोन एंजल, सहा गप्पी, दोन निऑन टेट्रा, एक फायटर आणि काच साफ ठेवायला एक सकर. टँक 2 फूट लांब, 1 फूट रुंद, 1 फूट उंच. हे सगळे एकत्र नांदतील का, असं विचारलंय. नाही नांदणार. पण यातली बरीचशी नावं कमी केलीत तर याच टँकमध्ये फार छान गट बसतो.

मासे निवडताना सगळे आधी विचारतात, "भांडतील का?" मी हा प्रश्न नेहमी शेवटी ठेवतो. आधी बघायचं पाणी, मग माशाचा पूर्ण वाढल्यावरचा आकार, आणि मग स्वभाव.

पाण्यातच गोल्डफिश बाद होतो. त्याला साधारण 18 ते 22 अंशांचं गार पाणी मानवतं, बाकीच्यांना 24 ते 26, फायटरला तर त्याहूनही थोडं उबदार. मधला आकडा धरला तर कोणाचंच धड होत नाही. शिवाय गोल्डफिश खातो भरपूर आणि घाणही तेवढीच करतो. तो हवाच असेल तर त्याला त्याचा स्वतंत्र, मोठा टँक द्या.

गप्पी आणि निऑन यांच्यातही पाण्याचाच फरक आहे, फक्त तो पटकन लक्षात येत नाही. गप्पी, मोली, प्लॅटी यांना क्षार जास्त असलेलं जड पाणी आवडतं. निऑन मूळचा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला, मऊ आणि किंचित आम्लधर्मी पाण्यातला. हल्ली फार्ममध्ये वाढवलेले निऑन मध्यम पाण्यात निभावून नेतात, पण खूप जड पाण्यात ते फार काळ टिकत नाहीत. तेव्हा मासे आणण्याआधी आपल्याकडचं पाणी तपासा. टेस्ट किट असेल तर उत्तमच. नसेल तर नळाच्या तोंडाशी, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो का ते बघा. धरत असेल तर पाणी जड आहे. ज्या पाण्यात जो मासा सहज राहतो तोच निवडावा, असं माझं ठाम मत आहे. औषधं घालून पीएच (पाण्याचा आम्लपणा दाखवणारा आकडा) खालीवर करत बसलात तर मासे त्या चढउतारानेच थकतात.

आता आकार. तुमच्या टँकमध्ये काठोकाठ भरलं तर 56 लिटर पाणी मावतं. वाळू, दगड घातल्यावर 50 लिटरसुद्धा उरत नाही. दुकानात मिळतात ती बहुतेक पिल्लं असतात, हे विसरू नका. नाण्याएवढा दिसणारा एंजल मोठा झाला की वरच्या-खालच्या परांसकट 20 सेंटीमीटरच्या पुढे उंच होतो. तुमच्या टँकमध्ये पाण्याची खोलीच जेमतेम 25. साधा सकर तर फूटभराहून मोठा होतो, आणि मोठेपणी काचेवरच्या शेवाळापेक्षा आयत्या खाद्याकडेच त्याचं जास्त लक्ष असतं. शेवाळासाठी सकर आणण्यापेक्षा दिवा रोज सहा ते आठ तासच लावा.

एंजल आणि निऑन यांची जोडी फोटोत फार देखणी दिसते आणि त्यामुळेच लोक फसतात. दोघं लहान असताना काही होत नाही. एंजल पूर्ण वाढला की निऑन त्याच्या तोंडात मावतो. मग हे बहुधा पहाटेच्या अंधुक उजेडात घडतं: निऑन सुस्त असतात, रंग फिके पडलेले असतात, आणि एंजल जराही घाई न करता, पर आवरून, तिरका होत जवळ सरकतो. सकाळी तुम्हाला एक निऑन कमी दिसतो, बाकी काहीच दिसत नाही. यात एंजलचा खुनशीपणा नाही, मोठा मासा तोंडात मावेल ते खातोच.

स्वभावाबद्दल थोडक्यात: फायटरला नर गप्पीची रंगीत, झुलणारी शेपटी म्हणजे दुसरा फायटरच वाटू शकते, आणि दुसरा फायटर दिसला की तो हल्ला करतो. ही जोडी टाळा. टायगर बार्बही लांब परांच्या माशांबरोबर नको, तो पर कुरतडतो.

तुम्ही निऑन दोनच घेणार होतात. असं करू नका. थव्याने राहणारा मासा एकटादुकटा असला की झाडामागे दडून बसतो. किमान सहा, जमलं तर आठ घ्या. जाती कमी आणि प्रत्येक जातीचे मासे जास्त, असाच टँक बघायला खरा आनंद देतो.

मी तुमच्या जागी असतो तर, पाणी मऊ किंवा मध्यम असल्यास, आठ निऑन किंवा हार्लेक्विन रासबोरा (हाही थव्याने राहणारा छोटा मासा), तळाला सहा पांडा कोरी (तळाशी खाणं शोधणारा छोटा मिशीवाला मासा) आणि एकच हनी गुरामी (छोटा, शांत मासा) ठेवला असता. तापमान 24-25. कोरीसाठी खाली धारदार खडी नको, बारीक वाळू घाला. तो डोळ्यांपर्यंत तोंड वाळूत खुपसतो, खाण्याचं तेवढं ठेवून घेतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडतो. हे एकदा जवळून बघाच. खडीत त्याच्या मिशा झिजतात. पाणी जड असेल तर सरळ सहा-सात नर गप्पी ठेवा. मादी आणलीत तर दर महिन्याला पिल्लं होतील आणि टँक बघता बघता भरून जाईल.

सगळे मासे एकाच दिवशी सोडू नका. आधी फिल्टर चालू करून, अमोनियाचा स्रोत देऊन, चार ते सहा आठवडे टँक मुरू द्या, म्हणजे माशांच्या घाणीतलं विषारी अमोनिया आणि त्यापासून होणारं नायट्राइट पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की पहिला थवा सोडा, दोनेक आठवड्यांनी कोरी आणि गुरामी सर्वांत शेवटी, म्हणजे तो आधीच येऊन आपली हद्द ठरवून बसत नाही. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदला, नवं पाणी क्लोरीन काढूनच घाला.

पहिले काही दिवस खाणं घालताना नीट बघा. कोणी पर अंगाला चिकटवून फिल्टरमागे थांबत असेल, खायला पुढे येत नसेल किंवा शेपटीला ताजे चावे दिसत असतील, तर वाट बघू नका, त्रास देणारा मासा त्याच दिवशी वेगळा करा. आणि पाणी जड निघतं की मऊ, ते इथे कळवा, त्याप्रमाणे नेमकी यादी देतो.