सैनिक केस बारीक का ठेवतात, आणि निवृत्तीनंतरही ती सवय का सुटत नाही?

तुम्ही एकात दोन प्रश्न विचारले आहेत. फौजेत केस इतके बारीक का कापतात हा एक, आणि निवृत्त झाल्यावर कुणाची सक्ती नसतानाही माजी सैनिक तीच कटिंग का ठेवतात हा दुसरा. मी स्वतः पेन्शनवर आलेला फौजी आहे आणि डोक्यावर आजही मशीनच फिरवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या प्रश्नाला हमखास मिळणारं उत्तर म्हणजे उवा. ते अर्धंच बरोबर आहे. पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये सैनिकांना ज्या उवांनी पिडलं त्या डोक्यातल्या नव्हत्या, कपड्यांतल्या होत्या. ही ऊ शर्टाच्या आणि विजारीच्या शिवणीत राहते, तिथेच अंडी घालते. सैनिक फावल्या वेळात शर्ट उलटा करून मेणबत्तीची ज्योत शिवणीवरून फिरवायचे. अंडी तडतडायची आणि शर्ट जळू नये म्हणून हात सतत हलता ठेवावा लागायचा. टायफस (टायफॉइड नव्हे, हा वेगळा आजार) पसरतो तो याच उवेमुळे. फ्रेंच डॉक्टर शार्ल निकोल यांनी १९०९ मध्ये ट्युनिसमध्ये ते दाखवून दिलं आणि त्यासाठी त्यांना १९२८ चं नोबेल मिळालं. म्हणजे नुसतं डोकं भादरून टायफस थांबत नाही, कपडे उकळावे लागतात. तरीही एका बराकीत पन्नास-साठ माणसं खेटून झोपत असतील आणि आंघोळीला पाण्याची मारामार असेल, तर बारीक केसांचा फायदा आहेच. डोक्यातल्या उवा, कोंडा यांचा ताप कमी होतो. डोक्याला जखम झालीच तर ती चटकन दिसते आणि साफ करता येते. टाळूची जखम लहान असली तरी रक्त भळाभळा वाहतं, त्यात लांब केस चिकटले की जखम नेमकी कुठे आहे हेच कळत नाही.

दुसरं कारण गॅस मास्क. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मनांनी क्लोरीन सोडला आणि त्यानंतर मास्क प्रत्येक सैनिकाच्या सामानात आला. मास्कची रबरी कड कातडीला सगळीकडून चिकटली पाहिजे. दाढी, लांब कल्ले किंवा कानशिलावर आलेले केस मध्ये आले की तेवढ्या फटीतून हवा आत येते. प्रशिक्षणात अश्रुधुराच्या खोलीत मास्क घालून उभं करतात. कल्ल्यांची हौस असलेला कोण, ते तिथे अर्ध्या मिनिटात कळतं: तो खोकत, डोळे चोळत दाराकडे धावतो. पुढच्या खेपेला त्याला कुणी सांगावं लागत नाही, तो स्वतःहून कल्ले कापून येतो. हेल्मेटचंही तसंच. खाली केसांचं जंगल असेल तर ते नीट बसत नाही, घाम साचतो आणि पट्टा काढताना चार केस उपटून येतात.

इथपर्यंतची कारणं खरी आहेत, पण तेवढ्यावर हा नियम उभा नाही, असं माझं मत आहे. कारण फौजा काही पहिल्यापासून केस कापत आलेल्या नाहीत. प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टाचे योद्धे लांब केस राखायचे. इ.स.पू. ४८० मध्ये थर्मोपिलीच्या लढाईआधी इराणी हेराने पाहिलं तर ते केस विंचरत बसले होते, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. अठराव्या शतकातल्या युरोपी सैन्यांत तर शिपायाला मागे केसांची शेपटी ठेवून, तिला चरबी चोपडून वर पांढरी पूड मारावी लागायची. परेडच्या आधी शिपाई एकमेकांच्या शेपट्या घालत बसत. ब्रिटिश सैन्यात ती शेपटी बंद झाली १८०८ मध्ये. रॉयल वेल्च फ्युझिलियर्स या पलटणीने ती सर्वांत शेवटी सोडली आणि तिची आठवण म्हणून कॉलरला मागे काळ्या फिती लावायची परवानगी मिळवली. त्या फिती तिची वारसदार पलटण आजही लावते.

अमेरिकेत याच शेपटीवरून कोर्ट मार्शल झालं. १८०१ मध्ये जनरल विल्किन्सन यांनी केस कापण्याचा हुकूम काढला. थॉमस बटलर नावाचे कर्नल, स्वातंत्र्ययुद्धात लढलेले, त्यांनी साफ नकार दिला. एकदा खटला झाला, शिक्षा झाली, तरी शेपटी तशीच. पुन्हा खटला झाला. १८०५ मध्ये ते वारले ते शेपटीसकटच. गंमत अशी की ज्या शेपटीपायी त्यांची नोकरी पणाला लागली, ती त्यांच्या तरुणपणी शिस्तशीर शिपायाची खूण होती. मिशांचंही असंच. ब्रिटिश सैन्यात वरचा ओठ भादरायला ऑक्टोबर १९१६ पर्यंत नियमाने मनाई होती, म्हणजे मिशी ठेवणं सक्तीचं. पुढे ती सक्ती गेली. लांबी बदलली, फॅशन बदलली. लांबी कुणी ठरवायची, ते मात्र बदललं नाही.

रिक्रूटच्या पहिल्या हजामतीत हे सगळं दिसतं. आरसा नसतो. न्हावी विचारत नाही, मान दाबून मशीन मारतो, दोन मिनिटांत पुढचा. कालपर्यंत कुणाचा हिरोछाप भांग होता, कुणाची झुलपं होती, ती सगळी जमिनीवर एकाच ढिगात. बाहेर आल्यावर शेजारच्या पोराला ओळखायला त्याचा आवाज ऐकावा लागतो. श्रीमंताचा कोण, गरिबाचा कोण, शहरातला कोण, हे डोक्यावरून सांगता येत नाही. उस्तादाला, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्याला, तेच हवं असतं.

त्यानंतर रोजची तपासणी. रांगेच्या मागून चालणारे बूट ऐकू येतात, थांबतात आणि मानेवर दोन बोटं टेकतात. केस चिमटीत सापडले की संध्याकाळी हजामत आणि वर मैदानाच्या फेऱ्या. अर्ध्या इंचाने लढाई हरत नाही हे उस्तादालाही ठाऊक असतं. पण जो एवढं वेळेवर करतो तो रायफलही साफ ठेवत असणार, असा हिशेब असतो. बहुतेक वेळा तो बरोबर निघतो.

शिस्त केसांच्या लांबीत नसते याचा पुरावा हवा असेल तर शीख सैनिक बघा. केस न कापता, पगडी बांधून त्यांनी दोन्ही महायुद्धं लढली आणि त्यांच्या टर्नआउटकडे, म्हणजे गणवेशातल्या टापटिपीकडे, बोट दाखवायची कुणाची हिंमत नाही. त्यांच्याकडेही नियम आहेच: पगडीच्या घड्या आणि दाढी बांधणं काटेकोर. उलट पश्चिम जर्मनीने १९७१ मध्ये लांब केसांना मुभा दिली आणि मशिनरीत अडकू नयेत म्हणून शिपायांना केसांच्या जाळ्या दिल्या. लोकांनी इतकी टर उडवली की पुढच्याच वर्षी ती ढील आवरती घ्यावी लागली. स्पेशल फोर्सवाले मात्र कामासाठी दाढी-केस वाढवतात, कारण स्थानिकांत मिसळायचं तर फौजी डोकं घेऊन चालत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. याला एकच उत्तर नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर शिस्तबिस्त नंतर, आधी मानेला सहन होत नाही. कॉलरवर केस टेकले की दिवसभर काहीतरी रेंगाळल्यासारखं वाटतं आणि हात आपोआप मागे जातो. आंघोळ झटपट होते, कंगवा लागत नाही, डोकं पुसलं की तयार. बऱ्याच जणांचे केस वयानुसार विरळ झालेले असतात आणि विरळ केस बारीकच बरे दिसतात, हे कारण कुणी कबूल करत नाही एवढंच. निवृत्तीनंतर सुरक्षेची नोकरी धरणाऱ्याला ती कटिंग कामाची असते. शिवाय गर्दीत पाठमोऱ्या माणसाची मान बघून आपला माणूस ओळखता येतो. अनोळखी माणसाला ‘कुठली पलटण?’ असं विचारलं आणि नेम चुकला, असं क्वचितच होतं.

पण सगळेच तसे राहतात असंही समजू नका. सुटल्यावर पहिलं काम केस वाढवणं, असं करणारे भरपूर आहेत. माझ्या बॅचमधल्या एकाने पेन्शन सुरू झाल्यापासून डोक्याला कात्री लावू दिलेली नाही. केस खांद्यावर आलेत, रबर लावून फिरतो. दाढी मात्र रोज पहाटे पाचला करतो.