वाचकांचे प्रश्न : फ्रीबीएसडीवर डेस्कटॉप बसवताना

(आज्ञा आणि फायलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीतच टंकायची. वेगळं सांगितलं नसेल तर आज्ञा रूट (सर्वाधिकार असलेलं खातं) म्हणून द्यायची.)

प्रश्न : फ्रीबीएसडी ही संगणक प्रणाली नुकतीच बसवली. संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर 'लॉगिन' एवढंच येतं. लिनक्स बसवलं तेव्हा डेस्कटॉप आपोआप आला होता. मला एक्सएफसीई हा डेस्कटॉप हवा आहे. कोणत्या क्रमाने काय बसवू?

उत्तर : तुमचं काही चुकलेलं नाही. फ्रीबीएसडीच्या मूळ प्रणालीत डेस्कटॉप नसतोच, तो पॅकेजांतून चढवावा लागतो. सगळ्यात खाली कर्नलमधला (प्रणालीच्या गाभ्यातला) ग्राफिक्स ड्रायव्हर, त्यावर एक्स सर्व्हर (पडद्यावर खिडक्या दाखवणारा कार्यक्रम), मग डी-बस (कार्यक्रमांना एकमेकांशी बोलायला लागणारी सेवा), मग एक्सएफसीई आणि अगदी शेवटी लॉगिनचा पडदा. खालचा थर चालतोय हे पाहिल्याशिवाय वरचा चढवू नका. एकाच आज्ञेत सगळी पॅकेजं बसवून रीस्टार्ट करण्याचा मोह बहुतेकांना होतो. मग पडदा काळा राहिला की पाचांपैकी कुठला थर अडला हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

आधी 'फ्रीबीएसडी-अपडेट फेच इन्स्टॉल' आणि 'पीकेजी अपडेट' देऊन प्रणाली ताजी करा. मग 'पीसीआयकॉन्फ -एलव्ही' द्या आणि लांबलचक यादीत 'व्हीजीए' शब्द शोधा. ग्राफिक्स चिप कोणाची हे तिथे कळेल. इंटेल किंवा एएमडी असेल तर 'पीकेजी इन्स्टॉल डीआरएम-केमॉड'. मॉड्यूलचं (कर्नलमध्ये चढवायच्या ड्रायव्हरचं) नाव इंटेलसाठी 'आय९१५केएमएस', नव्या एएमडीसाठी 'एएमडीजीपीयू', जुन्या एएमडीसाठी 'रेडिऑनकेएमएस'. एनव्हीडियाचा रस्ता वेगळा आहे : पॅकेज 'एनव्हीडिया-ड्रायव्हर', मॉड्यूल 'एनव्हीडिया-मोडसेट'.

मॉड्यूल आधी हाताने चढवून पाहा : 'केएलडीलोड आय९१५केएमएस'. पडदा क्षणभर लुकलुकून अक्षरं बारीक झाली, म्हणजे पडद्याचं पूर्ण रिझोल्यूशन मिळालं. हा थर झाला. आता तो दर वेळी आपोआप चढावा म्हणून 'सिसआरसी केएलडी_लिस्ट+=आय९१५केएमएस'. अधिक-बरोबर चिन्हांच्या आजूबाजूला मोकळी जागा सोडायची नाही. जुन्या लेखांत हे मॉड्यूल '/बूट/लोडर.कॉन्फ'मध्ये लिहायला सांगितलेलं आढळेल. तसं करू नका. ड्रायव्हर बिघडला तर सुटकेची वाट राहायला हवी, आणि ती केएलडी_लिस्टमध्येच आहे. कशी, ते अपग्रेडच्या उत्तरात सांगितलं आहे.

रोजच्या वापराचं खातं 'व्हिडिओ' गटात घाला : 'पीडब्ल्यू ग्रुपमॉड व्हिडिओ -एम' आणि पुढे खात्याचं नाव. मग एक्स : 'पीकेजी इन्स्टॉल एक्सऑर्ग'. रूटमधून बाहेर पडा, साध्या खात्याने नव्याने लॉगिन करा आणि 'स्टार्टएक्स' द्या. १९८०च्या दशकातला वाटावा असा पडदा उघडेल : दोन-तीन टर्मिनल खिडक्या आणि एक घड्याळ. हे टीडब्ल्यूएम, एक्सचा जुना, साधा खिडकी-व्यवस्थापक. दिसायला ओबडधोबड असलं तरी चाचणीला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही, कारण ते चाललं म्हणजे ड्रायव्हर आणि एक्स दोन्ही ठीक आहेत. माउस हलवून पाहा, टर्मिनलमध्ये टंकून पाहा. 'लॉगिन' नावाच्या खिडकीत 'एक्झिट' दिलं की बाहेर पडाल.

पुढचं सोपं आहे. 'पीकेजी इन्स्टॉल एक्सएफसीई', मग 'सिसआरसी डीबस_एनेबल=येस' आणि 'सर्व्हिस डीबस स्टार्ट'. काही डेस्कटॉपांना /प्रोक (चालू कार्यक्रमांची माहिती देणारं फोल्डर) लागतं, म्हणून '/ईटीसी/एफएसटॅब'मध्ये 'प्रोक /प्रोक प्रोकएफएस आरडब्ल्यू ० ०' ही ओळ घालून 'माउंट /प्रोक' द्या. एक्सएफसीईचं त्यावाचून भागलं तरी उद्या केडीई किंवा ग्नोम घ्यावंसं वाटलं तर ती ओळ तयार असेल. आता साध्या खात्याच्या घरात (होम फोल्डरात) '.एक्सइनिटआरसी' ही फाइल करून तिच्यात 'एक्झेक स्टार्टएक्सएफसीई४' एवढीच ओळ लिहा आणि पुन्हा 'स्टार्टएक्स' द्या.

लॉगिनचा पडदा अगदी शेवटी. 'पीकेजी इन्स्टॉल लाइटडीएम लाइटडीएम-जीटीके-ग्रीटर' द्या. यातलं दुसरं पॅकेज विसरलं तर लाइटडीएम सुरू होतं, पण दाखवायला त्याच्याकडे काहीच नसतं. लगेच 'एनेबल' करू नका. आधी 'सर्व्हिस लाइटडीएम वनस्टार्ट' द्या. त्याने सेवा एकदाच चालते, पुढच्या बूटला आपोआप येत नाही. लॉगिन होऊन डेस्कटॉप दिसला, की मगच 'सिसआरसी लाइटडीएम_एनेबल=येस'.

प्रश्न : 'स्टार्टएक्स' दिल्यावर 'एकही स्क्रीन सापडली नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते आणि पुन्हा काळा पडदा. दोनदा सगळं काढून नव्याने बसवलं, फरक नाही.

उत्तर : तिसऱ्यांदा बसवू नका. ती ओळ म्हणजे शेवटचा परिणाम आहे, खरं कारण तिच्या कितीतरी वर नोंदलेलं असतं. '/व्हार/लॉग/एक्सऑर्ग.०.लॉग' उघडा (सुरुवातीचा एक्स मोठा) आणि कंसात दोन मोठे ई असलेल्या ओळी वाचा. त्यातली पहिली ओळ महत्त्वाची, पुढच्या बहुतेक तिच्यामुळेच आलेल्या असतात.

मग 'एलएस /डेव्ह/डीआरआय' द्या. तिथे 'कार्ड०' नसेल तर कर्नलचा ड्रायव्हर चढलेलाच नाही. 'केएलडीस्टॅट'च्या यादीत मॉड्यूल आहे का ते पाहा. नसेल तर हाताने 'केएलडीलोड' करून काय तक्रार येते ती वाचा. अशा वेळी एक्सच्या फायलींत कितीही फेरफार केले तरी उपयोग नाही.

'कार्ड०' आहे पण लॉगमध्ये परवानगी नाकारल्याची नोंद आहे, तर खातं व्हिडिओ गटात नाही. गटात घातलंय तरी तेच होत असेल तर साध्या खात्याने 'आयडी' देऊन पाहा. गटातला बदल चालू सत्राला लागू होत नाही. बाहेर पडून पुन्हा लॉगिन करावं लागतं. इथे बरेच जण अडकतात.

तिसरं कारण म्हणजे जुनी 'एक्सऑर्ग.कॉन्फ'. पूर्वी ही फाइल लिहावीच लागे, म्हणून जुन्या लेखांत तिचा मोठा नमुना असतो आणि लोक तो जसाच्या तसा उतरवतात. आजचा एक्स सर्व्हर पडदा, कळफलक, माउस स्वतः ओळखतो. इंटेल-एएमडीसाठी लागणारा 'मोडसेटिंग' ड्रायव्हर त्याच्या आतच असतो. त्या फाइलीत दुसऱ्याच ड्रायव्हरचं नाव असेल तर एक्स मुकाट्याने ते ऐकतो आणि पडतो. फाइल '/ईटीसी/एक्स११'मध्ये किंवा '/यूएसआर/लोकल/ईटीसी/एक्स११'मध्ये असेल. पुसू नका, नाव बदलून बाजूला ठेवा आणि पुन्हा प्रयत्न करा.

चिप इतकी नवी किंवा अनोळखी असेल की डीआरएम-केमॉड तिला ओळखतच नाही, तर तात्पुरता मार्ग असा : संगणक यूईएफआय या नव्या फर्मवेअरने बूट होत असेल तर 'एक्सएफ८६-व्हिडिओ-एससीएफबी', जुन्या बायोसने होत असेल तर 'एक्सएफ८६-व्हिडिओ-व्हेसा'. यांची अदलाबदल चालत नाही. यूईएफआयवर व्हेसा लावून बसलात तर तीच तक्रार पुन्हा येईल. एससीएफबीसाठी '/यूएसआर/लोकल/ईटीसी/एक्स११/एक्सऑर्ग.कॉन्फ.डी' या फोल्डरात 'डिव्हाइस' विभागाची छोटी फाइल करून ड्रायव्हर म्हणून 'एससीएफबी' लिहा. रिझोल्यूशन बदलता येणार नाही आणि व्हिडिओ अडखळत चालेल. लिहिण्या-वाचण्याचं काम मात्र होईल.

प्रश्न : लॉगिनचा पडदा येतो. पासवर्ड चुकीचा दिला तर नाकारतो, बरोबर दिला तर क्षणभर अंधार होऊन पुन्हा लॉगिनचाच पडदा येतो.

उत्तर : म्हणजे पासवर्ड मान्य झाला, सत्र सुरूही झालं, पण लगेच मेलं. कंट्रोल-आल्ट-एफ२ दाबून अक्षरांच्या कन्सोलवर जा (परत यायला सहसा कंट्रोल-आल्ट-एफ९) आणि आपल्या खात्याने लॉगिन करून 'एलएस -एलए' द्या. '.एक्सऑथॉरिटी' किंवा '.आयसीईऑथॉरिटी' या फायलींचा मालक 'रूट' दिसला तर दोष सापडला. कधीतरी 'सुडो'ने (रूटचे अधिकार वापरून) 'स्टार्टएक्स' चालवलं गेलं असणार. फाइल तुमच्या घरात पण मालकी रूटची, त्यामुळे तुमच्या सत्राला ती लिहिता येत नाही. दोन्ही फायली उडवा, नव्या आपोआप तयार होतात. पुढे 'स्टार्टएक्स' कधीही रूट म्हणून चालवू नका.

मालकी ठीक असेल तर 'डीएफ -एच'ने डिस्क भरलेली नाही ना ते पाहा. भरलेल्या डिस्कचं लक्षण हुबेहूब असंच असतं. तरीही नाही, तर '.एक्ससेशन-एरर्स' आणि '/व्हार/लॉग/लाइटडीएम' वाचा. डी-बस चालू नसल्याची ओळ तिथे आढळली तर पहिल्या उत्तरातली 'डीबस'ची पायरी राहून गेली आहे.

प्रश्न : सहा महिने उत्तम चाललेला डेस्कटॉप फ्रीबीएसडी १४च्या पुढच्या उपआवृत्तीवर गेल्यावर बंद पडला. कर्नलशी जुळत नाही, आवृत्ती चुकीची, अशा अर्थाची ओळ दिसते.

उत्तर : डीआरएमचं मॉड्यूल कर्नलच्या पोटात शिरून काम करतं, त्यामुळे ते ज्या कर्नलसाठी बांधलं त्याच्याशीच त्याचं जुळतं. नेहमीची पॅकेजं मात्र त्या मालिकेतल्या, अजून पाठिंबा असलेल्या सर्वांत जुन्या उपआवृत्तीवर बांधली जातात. ब्राउझर किंवा एक्सएफसीईला याने फरक पडत नाही. कर्नल मॉड्यूलला पडतो. म्हणून नवी उपआवृत्ती आल्यावरचे काही महिने नेमका डेस्कटॉप लोळतो आणि बाकी सगळं ठणठणीत असतं.

१४.२पासून यावर उपाय म्हणून फक्त कर्नल मॉड्यूलांचं वेगळं भांडार सुरू झालं, ज्यात प्रत्येक उपआवृत्तीसाठी स्वतंत्र बांधणी असते. '/ईटीसी/पीकेजी/फ्रीबीएसडी.कॉन्फ'मध्ये 'केमॉड्स' नावाची नोंद आहे का आणि ती चालू आहे का ते पाहा. असेल तर 'पीकेजी अपडेट' देऊन डीआरएमचं पॅकेज 'पीकेजी इन्स्टॉल -एफ'ने सक्तीने पुन्हा बसवा. 'पीकेजी इन्फो'मध्ये त्याच्या नावात आकडाही दिसेल, तो आकड्यासकट द्यायचा. भांडार वापरायचं नसेल तर '/यूएसआर/एसआरसी'मध्ये चालू कर्नलचाच सोर्स ठेवून पोर्ट्समधून (सोर्सवरून पॅकेजं बांधण्याच्या फ्रीबीएसडीच्या संग्रहातून) मॉड्यूल स्वतः बांधता येतं. वेळ लागतो, पण जुळणी हमखास होते.

१३वरून १४ अशी मोठी उडी असेल तर सगळीच पॅकेजं नव्याने आणावी लागतात : 'पीकेजी-स्टॅटिक अपग्रेड -एफ'. नेहमीचं 'पीकेजी' जुन्या लायब्ररी गेल्यामुळे स्वतःच उठत नाही, तेव्हा 'स्टॅटिक' लागतं.

मॉड्यूलमुळे संगणक बूट होतानाच कोसळत असेल तर बूटच्या मेनूत २ दाबून एकट्या वापरकर्त्याच्या मोडमध्ये जा. केएलडी_लिस्ट त्यानंतरच्या टप्प्यात वाचली जाते, म्हणून इथवर तुम्ही सुखरूप पोहोचता. ही सुटकेची वाट. तिथे 'माउंट -यू /', डिस्कवर झेडएफएस ही फाइल-प्रणाली असेल तर 'झेडएफएस माउंट -ए', मग 'सिसआरसी केएलडी_लिस्ट=' पुढे दोन रिकामी अवतरणचिन्हं देऊन रीबूट करा. झेडएफएसवाल्यांनी अपग्रेडच्या आधी 'बीईसीटीएल क्रिएट' देऊन पुढे एखादं नाव लिहावं, म्हणजे चालू प्रणालीची प्रत ('बूट वातावरण') जपली जाते. बिघडलं तर बूटच्या मेनूतून जुनं वातावरण निवडलं की आधीची प्रणाली जशीच्या तशी मिळते. याला मिनिटभरही लागत नाही, तरी लोक ते टाळतात याचं नवल वाटतं.

प्रश्न : एक्सएफसीईच्या मेनूत 'बंद करा' आणि 'रीस्टार्ट' ही बटणं फिकट दिसतात, दाबता येत नाहीत.

उत्तर : साध्या खात्याला तो अधिकार पोलकिट ही परवानग्या ठरवणारी सेवा देते, आणि तसा नियम तुम्ही लिहिलेला नाही. खातं 'ऑपरेटर' गटात घाला आणि '/यूएसआर/लोकल/ईटीसी/पोलकिट-१/रूल्स.डी'मध्ये त्या गटाला थांबवण्याची आणि रीस्टार्टची परवानगी देणारी फाइल ठेवा. पूर्ण मजकूर एक्सएफसीई बसवताना शेवटी आलेल्या सूचनेत होता. 'पीकेजी इन्फो -डी एक्सएफसीई४-सेशन' दिलंत की तो पुन्हा दिसेल. (इथला डी मोठा.) पॅकेज बसल्यावर येणाऱ्या सूचना न वाचता पुढे जाणाऱ्यांच्या अर्ध्याअधिक अडचणी याच आज्ञेत सुटतात.

प्रश्न : ब्राउझरमध्ये मराठीच्या जागी चौकोन दिसतात. टंकायचं कसं?

उत्तर : 'पीकेजी सर्च नोटो' देऊन देवनागरी असलेलं नोटो फॉन्टचं पॅकेज बसवा, मग 'एफसी-कॅश -एफ'. खात्रीसाठी 'एफसी-लिस्ट'पुढे ':लँग=एमआर' लिहा. यादी रिकामी आली तर फॉन्ट अजून सापडलेला नाही. टंकण्यासाठी 'सेटएक्सकेबीमॅप -लेआउट यूएस,आयएन -ऑप्शन जीआरपी:आल्ट_शिफ्ट_टॉगल' दिलं की आल्ट-शिफ्टने इनस्क्रिप्ट मिळतं. चाललं की हीच मांडणी एक्सएफसीईच्या कळफलक सेटिंगमध्ये कायम करा. टर्मिनलमध्ये जोडाक्षरं विसकटलेली दिसली तर फॉन्ट बदलत बसू नका. अक्षरं ठरावीक रुंदीच्या चौकटींत बसवण्याच्या टर्मिनलच्या पद्धतीमुळे तसं होतं.

प्रश्न : आता सगळे एक्स सोडून वेलँड या नव्या पद्धतीकडे चालले आहेत. थेट तेच घ्यावं का?

उत्तर : पहिल्यांदाच डेस्कटॉप उभा करत असाल तर नाही. फ्रीबीएसडीवर स्वे किंवा वेफायर हे वेलँडचे डेस्कटॉप चांगले चालतात, पण त्यांना कर्नलचा ड्रायव्हर लागतोच लागतो, एससीएफबीवर भागत नाही. शिवाय 'सीटडी' ही सेवा चालू हवी आणि 'एक्सडीजी_रनटाइम_डीआयआर' हा चल (व्हेरिएबल) ठरलेला हवा. तो नसेल तर वेलँडचे कार्यक्रम उठताक्षणी बंद पडतात. एक्सएफसीईचा वेलँडचा पाठिंबाही ४.२०मध्ये प्रायोगिक म्हणूनच आला आहे. आधी एक्सवर डेस्कटॉप नीट चालवा. नंतर 'पीकेजी इन्स्टॉल स्वे सीटडी' करून कन्सोलवरून 'स्वे' देऊन पाहा. लाइटडीएम आणि एक्सएफसीई तसंच राहू द्या, दोन्ही एकाच संगणकावर बिनतक्रार नांदतात.