घाटमाथ्यावरच्या रानात माती उघडी केली तर रोपं आपोआप उगवतील का?

जावळीच्या घाटमाथ्यावरच्या मालकीच्या रानात, हिमालयात करतात तसा पालापाचोळा खरवडून माती उघडी करावी का, असं तुम्ही विचारलंय. करा, पण सरसकट मुळीच नको.

हिमालयात फर आणि स्प्रूस या सुईसारख्या पानांच्या झाडांखाली न कुजलेल्या सुयांचा जाड थर साचतो. बारीक बी त्यात रुजतं, पण मूळ मातीला लागण्याआधीच थर वाळतो आणि रोप मरतं. म्हणून तिथे तो ओढून काढतात. आपल्याकडे पाचोळा लवकर कुजतो. इथे आड येतात ती गवताच्या मुळांची जाळी, रानमोडीचं तण आणि कारवीची दाट झुडपं. शिवाय महाबळेश्वरच्या पट्ट्यात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जांभा दगडावरची पातळ माती उघडी पडली तर सरळ ओढ्याला जाते.

म्हणून माती उघडी करायची ती लहान वाफ्यांपुरतीच करा. साधारण दीड मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद, उताराला आडवे, एकमेकांपासून तीन-चार मीटरवर. जागा झाडाच्या बुंध्याशी नको, फांद्यांच्या घेराच्या कडेला आणि उताराच्या खालच्या अंगाला घ्या. बी घरंगळत तिकडेच येतं आणि उजेडही मिळतो. कुदळीने गवत मुळासकट काढा, माती फक्त पाच-सात सेंटिमीटर भुसभुशीत करा. निघालेली ढेकळं खालच्या कडेला बांधासारखी लावा, मधे पाण्याला वाट ठेवा. खड्डा झाला की पाणी तुंबतं आणि बी कुजतं.

वेळ सगळ्यात महत्त्वाची. मेच्या शेवटच्या आठवड्यात काम उरका. जांभळाचं बी जूनच्या आसपास पडतं आणि जेमतेम दोन आठवडे जिवंत राहतं, त्यामुळे वाफा आधीच तयार हवा. बी पडल्यावर वर विरळ पाचोळा पसरा, माती अधूनमधून दिसेल इतकाच. नाहीतर सरींच्या माऱ्याने मातीवर पापुद्रा धरतो. हिरड्याची आठळी कठीण असते, तिला जास्त वेळ द्या. कारवी फुलून वाळली असेल तर पुढच्या पावसात तिचीच रोपं दाट उगवतात, ती वाफ्यातून उपटा.

चराई थांबवता येत नसेल तर एवढी मेहनत करूच नका. सप्टेंबरनंतर भोवतीचं गवत कापून रोपांच्या बुडाशी अंथरा. डिसेंबरपर्यंत जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा गवत काढलेला पट्टा, काढा, कारण फेब्रुवारी ते मेमध्ये कोरड आणि वणवाच रोपं नेतो. ऑक्टोबरला मोजलेल्या आकड्यावर विसंबू नका, पुढच्या जूनला जी हिरवी दिसतील तीच धरा. वाफ्यात दोन-तीन टिकली असतील तर तिथे पुन्हा कुदळ लावू नका, फक्त गवत काढत राहा.