हेकरूची जत्रा

सागरी जीवांविषयी वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे

गेल्या अंकातील हेकरूवरच्या टिपणानंतर बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार प्रश्न येथे घेतले आहेत. ज्यांनी ते टिपण वाचले नसेल त्यांच्यासाठी इतकेच सांगतो, की खडपांच्या आणि प्रवाळांच्या कपारीत राहणारा, जाड ओठांचा, रुंद जबड्याचा हा मासा गोव्याकडे गोबरो म्हणून, तर जगभर ग्रुपर म्हणून ओळखला जातो आणि त्याच्या १६० हून अधिक जाती शास्त्राला ज्ञात आहेत.

प्रश्न : आमच्याकडे येणाऱ्या मध्यम आकाराच्या हेकरूत गाबोळी मिळते, पण नर काही दिसत नाही. मासळीवाल्या मावशी म्हणतात, "हा आधी बाई असतो, मोठा झाला की बाप्या होतो." त्या थट्टा करतात की हे खरे आहे? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : मावशींचे म्हणणे खरे आहे. हेकरूच्या बहुसंख्य जाती आयुष्याची सुरुवात मादी म्हणून करतात, काही वर्षे अंडी घालतात आणि पुढे त्यांतील काही मोठ्या माद्यांची अंडाशये विरघळत जाऊन त्यांच्या जागी वृषणाच्या पेशी वाढतात. संशोधक जननग्रंथीची अतिशय पातळ चकती कापून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, तेव्हा पूर्ण वाढलेल्या नराच्या वृषणातही जुन्या अंडाशयाची पोकळी शिल्लक राहिलेली आढळते. एकेकाळी तो मासा मादी होता, याचा तो जणू दाखलाच असतो. मात्र ही गोष्ट सरसकट सर्व जातींना लागू नाही. कॅरिबियन समुद्रातील नासाऊ ग्रुपरमध्ये पिलावस्थेत दोन्ही प्रकारच्या पेशी असतात, पण पुढे बहुतेक मासे नर किंवा मादी यांपैकी एकच काही होतात आणि तसेच राहतात. उलट प्रवाळांतला नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा विदूषक मासा आधी नर असतो आणि नंतर मादी होतो.

यात कुतूहलापेक्षा अधिक काही आहे. नर हा सर्वांत मोठा असतो आणि गळाला किंवा भाल्याला मोठा मासाच आधी हवा असतो. मेक्सिकोच्या आखातातील गॅग नावाच्या ग्रुपरमध्ये १९७० च्या दशकात नरांचे प्रमाण सुमारे १७ टक्के होते, ते १९९० च्या दशकापर्यंत २ टक्क्यांच्या आसपास आले, असे अमेरिकी संशोधकांना आढळले. माद्या भरपूर आणि गाबोळीही भरपूर, पण ती फळवायला नर पुरेसे नाहीत, अशी स्थिती त्यातून येऊ शकते. संवर्धन केंद्रांनाही हीच अडचण वेगळ्या रूपाने भेडसावते. टाकीत वाढवलेले तरुण मासे सगळेच मादी निघतात, म्हणून काही माद्यांना संप्रेरक देऊन वेळेआधीच नर करावे लागते. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या विशाखापट्टणम केंद्राने नारिंगी ठिपक्यांच्या हेकरूची पैदास बंदिस्त टाक्यांत करून दाखवली आहे.

प्रश्न : माशाचे वय कसे ओळखतात? बैलाचे दात पाहतात तसे काही असते का? (एक निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर : दात नव्हेत, पण डोक्यातला खडा असतो. ढोमी किंवा घोळ हे मासे साफ करताना डोके फोडले, तर मेंदूच्या दोन्ही बाजूंना पांढरे, गुळगुळीत, तांदळापेक्षा बरेच मोठे खडे सापडतात, हे कोकणातल्या कोणत्याही स्वयंपाकघरात ठाऊक असते. हे कर्णाश्म होत. तोल सांभाळण्यासाठी आणि ऐकण्यासाठी ते असतात आणि आयुष्यभर त्यांवर चुन्याचे थर चढत राहतात. हेकरूचे कर्णाश्म ढोमीइतके ठळक नसतात. म्हणून ते राळेत बसवून, हिऱ्याची धार असलेल्या करवतीने त्यांचा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ काप काढतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली झाडाच्या खोडातल्यासारखी गडद-फिकट वलये मोजता येतात. एक जोडी म्हणजे एक वर्ष, हे गृहीत न धरता तपासावे लागते. त्यासाठी जिवंत माशाला टेट्रासायक्लिन गटातले औषध टोचून सोडतात. ते औषध त्या दिवशीच्या थरात बसते आणि अतिनील प्रकाशात चमकते, म्हणून पुढे तोच मासा हाती आला की खुणेच्या बाहेर किती वलये पडली ते मोजता येते.

या पद्धतीत मासा मारावा लागतो, ही तिची उणीव. गोलायथ ग्रुपर हा माणसापेक्षा मोठा होणारा मासा असून अमेरिकेने १९९० मध्ये त्याची मासेमारी बंद केली होती. त्याच्या बाबतीत परांचे काटे कापून त्यांवरील वलये मोजण्याची पद्धत वापरली गेली. त्याचे नोंदले गेलेले कमाल वय ३७ वर्षे आहे. बैल इतका जगत नाही.

प्रश्न : आमचे घर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर चालते. ठराविक खडपावर ठराविक दिवसांत मोठी मासळी हमखास लागते आणि वर्षानुवर्षे लागत आली आहे. असे असताना शास्त्रज्ञ मासा संपत चालला असे म्हणतात, ते कशाच्या आधारावर? समुद्रातले मासे कोणी मोजले आहेत? (एक वाचक, देवगड)

उत्तर : आपल्या प्रश्नातच उत्तराचा अर्धा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. "ठराविक खडपावर ठराविक दिवसांत" हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. ज्या जातीचा या दृष्टीने सर्वांत बारकाईने अभ्यास झाला आहे, त्या नासाऊ ग्रुपरचेच उदाहरण घेऊ. वर्षभर हा मासा आपापल्या कपारीत एकटा राहतो आणि शेजाऱ्याला जवळ फिरकू देत नाही. हिवाळ्यात, मुख्यतः डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांतील पौर्णिमेच्या सुमारास, तो कपार सोडतो आणि काही वेळा शंभराहून अधिक किलोमीटर पोहत प्रवाळांच्या भित्तीच्या एका ठरलेल्या टोकाशी जातो. तिथे त्या परिसरातले सगळे प्रौढ मासे जमतात. याला जत्रा म्हणण्यावाचून दुसरा शब्द मला सुचत नाही. वर्षातले थोडेच दिवस, ठरलेली जागा, ठरलेली तिथी आणि एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्यांची गर्दी! अंगावरचे नेहमीचे पट्टे जाऊन अनेक माशांची पाठ गडद आणि पोट पांढरे होते. सूर्य मावळता मावळता एखादी टोळी एकाएकी वर झेपावते, पाण्यात दुधाळ ढग सुटतो आणि मासे पुन्हा खाली येतात. बहामा बेटांतील बिमिनीजवळच्या अशा एका जत्रेचे वर्णन १९७२ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा तिथे ३० हजार ते १ लाख मासे असावेत असा अंदाज दिला गेला होता.

आता असे पाहा. शेकडो चौरस किलोमीटरांत विखुरलेले मासे एका जागी येतात, तेव्हा त्या जागेवरची दाटी कायम राहते, मग एकूण मासे दहा हजार असोत की दोन हजार. होडी तिथे गेली की गळ लागतातच. आजूबाजूच्या भित्ती ओस पडत गेल्या तरी जत्रेत दर होडीमागे मिळणारी मासळी बरीच वर्षे तेवढीच दिसते आणि मग एका हंगामात कोणीच येत नाही. म्हणजे मच्छीमार खोटे बोलत नसतो. त्याचा अनुभव खराच असतो, पण तो ज्या जागेवरून मोजतो, तीच जागा त्याला फसवते. कॅरिबियन समुद्रातील अनेक जत्रा अशाच मोडल्या.

एकदा मोडलेली जत्रा पुन्हा भरणे कठीण का असते, याचा काहीसा उलगडा एका लहानशा माशावरील प्रयोगाने होतो. पनामाच्या सान ब्लास किनाऱ्यावर निळ्या डोक्याच्या रॅस माशांच्या मीलनाच्या जागा पिढ्यामागून पिढ्या त्याच राहतात, हे संशोधक रॉबर्ट वॉर्नर यांनी पाहिले होते. त्यांनी काही भित्तींवरचे सगळे मासे उचलले आणि दुसरीकडचे आणून सोडले. भित्ती तीच असूनही नव्यांनी वेगळ्या जागा निवडल्या आणि पुढे त्याच धरून ठेवल्या. म्हणजे जागा केवळ खडकाच्या आकारावरून ठरत नव्हती, ती जाणत्यांकडून शिकली जात होती. हेकरूतही तसेच घडत असेल, तर म्हातारे मासे काढून घेणे म्हणजे वाट दाखवणारेच काढून घेणे होय. १९८८ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग इतका साधा आहे, की तो आधी कोणाला का सुचला नाही याचे मला नेहमी नवल वाटते.

मोजण्याबद्दल आपण विचारले आहे. कॅरिबियन समुद्रातील केमन बेटांपैकी लिटल केमनच्या पश्चिम टोकाला २००१ मध्ये मच्छीमारांना सुमारे ७ हजार नासाऊ ग्रुपरची जत्रा सापडली आणि दोन हंगामांत त्यांतील सुमारे ४ हजार मासे गळाने काढले गेले. २००३ पासून तेथील सरकारने अशा जागांवरील मासेमारी बंद केली. तेव्हापासून सरकारी पर्यावरण विभाग आणि अमेरिकेतील संशोधक दर हिवाळ्यात तिथे बुडी मारतात. काही मासे पकडून, पाठीवर खुणेची पट्टी लावून सोडतात आणि नंतर पाणबुडे गर्दीत पोहत खुणेचे किती आणि बिनखुणेचे किती ते मोजतात. समजा, शंभर माशांना खुणा केल्या आणि नंतर दिसणाऱ्या दर दहांत एक खुणेचा निघाला, तर एकूण मासे हजाराच्या घरात आहेत. धान्याच्या पोत्यात मूठभर रंगवलेले दाणे मिसळून ढवळावे आणि मग ओंजळी तपासाव्यात, तसा हा हिशेब आहे. खूण गळून पडणे किंवा तोच मासा दोनदा मोजला जाणे यांमुळे होणारी चूक गणिताने सुधारून घेतात. शिवाय चित्रफितीवरूनही स्वतंत्र मोजणी होते. बंदीनंतरची पहिली काही वर्षे आकडा फारसा हलला नाही, कारण हा मासा प्रजननक्षम व्हायलाच चार ते आठ वर्षे घेतो. पुढे मात्र संख्या वाढत जाऊन जवळपास तिप्पट झाल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

शास्त्रज्ञ आणि मच्छीमार यांना समोरासमोर उभे करू नये, असे मला वाटते. जत्रांची तिथी आणि जागा बहुतेक ठिकाणी आधी मच्छीमारांनाच ठाऊक होती. प्रशांत महासागरातील पलाऊ बेटांवर १९७० च्या दशकात सागरी जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट योहान्स यांनी तेथील जुन्या मच्छीमारांकडून कोणता मासा चंद्राच्या कोणत्या दिवशी कुठे अंडी घालतो, हे लिहून घेतले आणि जीवशास्त्राला त्यातून पुष्कळ नवे मिळाले. पलाऊतील प्रवाळभित्तीमधल्या एका खिंडीत हेकरूच्या प्रजननकाळात मासेमारीची बंदी १९७६ मध्ये लागू झाली. उधाण आणि भांगाचा, म्हणजे मोठ्या आणि लहान भरतीचा, हिशेब आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत असणार. जून-जुलैमधील आपली पावसाळी बंदी तारखेने ठरते, जागेने किंवा तिथीने नव्हे. त्यामुळे कोणत्या खडपावर, कोणत्या तिथीला, केवढ्या आकाराची आणि गाबोळीने भरलेली मासळी लागली, हे आपण वहीत लिहून ठेवलेत, तर ती वही संशोधकाला सोन्यासारखी वाटेल. किती लागली यासोबत तिथे पोहोचायला आणि मासा लागायला किती वेळ गेला, आणि आसपासच्या खडपांवर काय मिळाले, हेही अवश्य लिहावे.

प्रश्न : हेकरू दुसऱ्या जातीच्या माशाला शिकारीसाठी बोलावतो, असे वाचले. मासे बोलतात का? (इयत्ता नववीतील एक वाचक, नाशिक)

उत्तर : बोलत नाही, पण मान हलवतो. तांबड्या समुद्रात, इजिप्तच्या किनाऱ्यावर, प्रवाळात राहणारा एक ग्रुपर आणि मोरे नावाची मोठी वाम यांच्या जोडीचा अभ्यास संशोधक रेडुआन ब्शारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रुपर उघड्या पाण्यात वेगाने झडप घालतो, पण भक्ष्य कपारीत शिरले की त्याचे काही चालत नाही. वाम सापासारखी लांब असल्यामुळे कपारीत सहज शिरते. म्हणून ग्रुपर वामीच्या बिळासमोर जाऊन डोके झरझर हलवतो, वाम बाहेर येते आणि दोघे मिळून निघतात. भक्ष्य आत राहिले तर वामीचे, बाहेर पळाले तर ग्रुपरचे. मिळालेला घास ते वाटून खात नाहीत, ज्याच्या तोंडात पडला त्याचा. पुढे २०१३ मध्ये याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. भक्ष्य जिथे लपले असेल, नेमके तिथे ग्रुपर डोके खाली करून उभा राहतो आणि जोडीदार तिकडे वळेपर्यंत थांबतो. तू मित्राला बोट दाखवून "तिथे बघ" म्हणतोस, तसेच हे म्हणता येईल का, यावर शास्त्रज्ञांत चर्चा झाली आहे. हा इशारा सवयीने किंवा उगाच केलेला नसावा असे मानायला मात्र एक चांगले कारण आहे : पोट भरलेला ग्रुपर वामीच्या दारात क्वचितच जातो.