'ऊर्ध्व स्थलांतर' की 'उभे स्थलांतर'?

प्रश्न असा आहे : खोल समुद्रातील अनेक मासे संध्याकाळी पृष्ठभागाकडे येतात आणि पहाटे पुन्हा खाली जातात. या हालचालीला 'दैनिक ऊर्ध्व स्थलांतर' म्हणावे का, आणि पाण्यातल्या जिवांना 'स्थल' हा शब्द कसा चालेल?

दुसरी शंका आधी घेऊ, कारण ती लवकर मिटते. 'जल' आणि 'स्थल' ही जोडी कानात बसलेली असल्यामुळे 'स्थल' म्हणजे जमीन असे वाटते. परंतु या सामासिक शब्दात त्याचा अर्थ 'ठिकाण' एवढाच आहे, आणि 'भाषांतर', 'नामांतर' यांतल्याप्रमाणे 'अंतर' म्हणजे 'दुसरे'. तेव्हा माशाचेही स्थलांतर होऊ शकते.

खरी अडचण 'ऊर्ध्व'ची आहे. त्यातून वरचीच दिशा कळते, आणि येथे अर्धा प्रवास खालच्या दिशेचा असतो. कंदीलमासा पाहा : बहुधा बोटाएवढाच, पोटाच्या बाजूने प्रकाश देणाऱ्या ठिपक्यांची रांग असलेला हा मासा दिवसा साधारणपणे ३०० ते १२०० मीटर खोलीवर असतो, दिवस कलला की वर सरकू लागतो, रात्री वरच्या शंभरेक मीटरांत प्राणिप्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या इवल्या प्राण्यांवर, पोट भरतो आणि उजेडात भक्षकांच्या नजरेला पडू नये म्हणून पहाटे पुन्हा अंधारात उतरतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ध्वनिलहरींनी समुद्राचा वेध घेताना तळासारखा प्रतिध्वनी देणारा एक थर आढळला होता; तो रात्री वर येतो हे लक्षात आल्यावर तो तळ नसून सजीवांचा थर आहे, हे उलगडले.

हिंदीतील 'ऊर्ध्वाधर' दोन्ही दिशा सांगतो खरा, पण मराठी वाचकाला 'अधर' म्हटले की ओठच आठवतात. 'चढउतार' हा शब्द जवळचा वाटतो; मात्र 'माशांचा चढउतार' म्हटल्यास संख्या कमीजास्त होते असा अर्थ लागेल. याउलट 'उभा' हा शब्द उभ्या रेघेत, उभ्या धाग्यात दिशेचा पक्षपात न करता नांदतो, म्हणून मला तोच योग्य वाटतो. 'दैनिक' म्हणताच वर्तमानपत्र डोळ्यांपुढे येते, आणि 'अहोरात्र' शब्दशः चपखल असूनही मराठीत त्याचा अर्थ 'अखंड' असा रूढ आहे. त्यामुळे 'दैनंदिन' बरा.

म्हणून शास्त्रीय लेखनात 'दैनंदिन उभे स्थलांतर' ही संज्ञा वापरावी, असे माझे मत आहे. सर्वसाधारण लेखनात मात्र 'ये-जा' अधिक नेमका आहे, कारण 'स्थलांतर' म्हटले की पक्ष्यांसारखा ऋतुभराचा मुक्काम सूचित होतो, आणि हे मासे तर पहाटेच परततात. उदाहरणार्थ : 'कंदीलमाशांची रोजची उभी ये-जा उजेडाच्या प्रमाणावर चालते, लख्ख चांदण्या रात्री ते एरवीपेक्षा खोलच थांबतात.'